आमदार निवासातला खानसामा लोकसभेच्या वाटेवर : एक प्रकरण अभ्यास

ही नोंद एका विनोदी कलाकाराची आहे. दूरचित्रवाणीवर बरीच वर्षं महाराष्ट्राला हसवल्यावर त्यांनी लोकसभा लढवायचं मनावर घेतलं, तिकिटाच्या यादीपर्यंत पोचले आणि शेवटी भलत्याच दाराने राष्ट्रीय राजकारणात शिरले. ओळख पटू नये म्हणून वाहिनी, पक्ष, निवडणुकीचं वर्ष आणि काही माणसं बदलली किंवा गाळली आहेत. कलाकाराला इथे नुसतं ‘भाऊ’ म्हटलं आहे. नागपुरात तेवढ्यावरून कुणाचाच पत्ता लागत नाही. त्या काळात त्यांचा खर्च आणि कागदपत्रं मी सांभाळत होतो. म्हणून या नोंदीत भाषणं कमी आणि आकडे, करारातली कलमं जास्त आहेत.

पार्श्वभूमी

भाऊ पूर्व नागपुरात वाढले. त्यांचं पहिलं लेखन बडग्यांसाठी झालं. विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो : पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, नागपुरात काळी आणि पिवळी मारबत निघते. काळीची परंपरा १८८१ पासूनची, पिवळीची १८८५ पासूनची. त्यांच्यासोबत बडगे निघतात. त्या वर्षी ज्याने लोकांना छळलं त्याचा कागद-बांबूचा पुतळा करायचा, गळ्यात पाटी अडकवायची, ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’ म्हणत गावभर मिरवायचा आणि शेवटी जाळायचा. डाळ महागली तर डाळीचा बडग्या, नेत्याने शब्द फिरवला तर नेत्याचा. भाऊ शाळेत असताना त्या गळ्यातल्या पाट्या लिहायचे. चार शब्दांत माणूस पकडायची सवय तिथली.

पुढचा रस्ता अनेकांचा असतो तसाच : कॉलेजच्या एकांकिका, गणेशोत्सवात नकला, मग मुंबईच्या एका विनोदी स्पर्धेत निवड. तिथे त्यांनी उभा केलेला ‘आमदार निवासातला खानसामा’ लोकांनी उचलून धरला. १९५३च्या नागपूर करारानुसार विधिमंडळाचं एक अधिवेशन दरवर्षी नागपुरात भरतं. डिसेंबरात मुंबईहून मंत्री येतात, फायली येतात, फायलींमागे फिरणारी माणसं येतात. हुरडा खाऊन, संत्र्याच्या पेट्या घेऊन परत जातात. भाऊंचा खानसामा हे सगळं ताटं वाढता वाढता पाहतो. ‘साहेब, विदर्भाचा अनुशेष वाढू का अजून थोडा?’ हे त्याचं वाक्य पुण्या-कोल्हापुरातली पोरंही म्हणू लागली. मुंबईत राहून वऱ्हाडी बोलीवर पोट भरणाऱ्या नटांमध्ये भाऊ वेगळे वाटत, ते यामुळे की त्यांच्या विनोदाचं बोट खेडवळ माणसाकडे फारसं नसायचं, खुर्चीकडे असायचं. ‘फारसं’ हा शब्द लक्षात ठेवा, पुढे तो महागात पडला.

अशाच एका अधिवेशनात एका पक्षाचे वजनदार पुढारी त्यांना भेटले. ‘भाऊ, तुमी फक्त हो म्हणा. चेहरा तयार आहे, बाकी आमी पाहून घेतो.’ महिनाभर भाऊ हो-नाही करत होते. मग म्हणाले, लढायचं तर लोकसभाच. विधानसभेत जाऊन खानसाम्याने त्याच साहेबांच्या पंगतीला बसायचं, हे त्यांना पटेना. कारण भावनेचं होतं. पण आमचं पुढचं सगळं गणित त्यावरच बेतलं गेलं.

समस्या

बैठकीत प्रश्न मांडला गेला तो असा : लढायचं की नाही? माझ्या मते अडचण वेगळीच होती. भाऊंना पाहणारा माणूस आणि भाऊंना मत देऊ शकणारा माणूस, हे दोघे एकमेकांपासून फार लांब राहत होते. कार्यक्रमाचा प्रेक्षक महाराष्ट्रभर आणि आखातापर्यंत पसरलेला. मतं मात्र दक्षिण-पश्चिम, दक्षिण, पूर्व, मध्य, पश्चिम आणि उत्तर या सहा विधानसभा क्षेत्रांतूनच यायची. त्या सहांतही बाजाराची भाषा बरीचशी हिंदी. जरीपटक्यात सिंधी, मोमीनपुऱ्यात उर्दू-हिंदी, आणि इतवारीच्या घाऊक बाजारात मराठी माणूसही सौदा हिंदीतच करतो. आठवड्यातून दोनदा मराठी वाहिनीवर येणारा माणूस तिथे ओळखीचा असेलच असं नव्हतं.

मी एका कागदावर हिशेब करून दाखवला. नागपूर मतदारसंघात मतदार बावीस लाखांच्या आसपास. मतदान होतं ५४-५५ टक्के. म्हणजे बारा लाख मतं धरा. अनामत वाचवायला वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं लागतात, म्हणजे दोन लाखांच्या वर. जिंकणं दूर राहिलं, नुसते पंचवीस हजार रुपये परत मिळवायला दोन लाख माणसांनी बटण दाबायला हवं. या शहरात दोन मोठे पक्ष मतं वाटून घेतात आणि तिसऱ्याच्या वाट्याला उष्टं उरतं. २०१४ मध्ये अंजली दमानिया राष्ट्रीय वाहिन्यांवर रोज दिसत होत्या, आम आदमी पक्षाची लाटही ताजी होती. त्यांना इथे सत्तर हजारांच्या आत मतं पडली आणि अनामत गेली. त्या निवडणुकीत नितीन गडकरींचं मताधिक्य पावणेतीन लाखांच्या वर होतं.

खोलीत थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग आमच्यातले सर्वांत जुने कार्यकर्ते, ज्यांना सगळे काका म्हणतात, ते उसळले. ‘१९७१ साली जांबुवंतराव धोट्यांनी नागपूर काय पैशावर जिंकलं? जिभेवर जिंकलं!’ खरं आहे. पण धोट्यांच्या जिभेमागे वेगळ्या विदर्भाची चळवळ होती, लाठ्या खाल्लेली माणसं होती. भाऊंच्या मागे टाळ्या होत्या.

तोललेले पर्याय

पहिला पर्याय अपक्ष. यात स्वातंत्र्य आहे आणि खर्च कमी वाटतो. पण अपक्षाला त्याच मतदारसंघातले दहा सूचक, म्हणजे अर्जावर नाव सुचवून सही करणारे मतदार, लागतात, चिन्ह मिळतं ते माघारीची मुदत संपल्यावर, आणि मग ते बावीस लाख लोकांच्या डोक्यात बसवायला जेमतेम दोन आठवडे उरतात. कागदपत्रांचीही धास्ती असते. मोदींच्या नकलांमुळे प्रसिद्ध झालेल्या श्याम रंगीलांनी २०२४ मध्ये वाराणसीतून अपक्ष अर्ज भरला आणि तो छाननीतच बाद झाला. शपथ घेतली नाही, शपथपत्र अपुरं, अशी कारणं दिली गेली. मतदारापर्यंत पोचायच्या आधीच खेळ संपला. पुढे आमच्या वकिलांनी हे उदाहरण इतक्या वेळा सांगितलं की शेवटी भाऊंनी वकिलांचीच नक्कल करून दाखवली.

दुसरा पर्याय पक्षाचं तिकीट. पक्षाच्या उमेदवाराला एकच सूचक पुरतो, चिन्ह घरोघरी माहीत असतं आणि मतदान केंद्रावर बसायला माणसं असतात. त्या वर्षी केंद्रं दोन हजारांच्या घरात होती. भाऊंच्या चाहत्यांच्या यादीतून दिवसभर बूथवर बसेल अशी माणसं निवडायला घेतली, ती दीडशेच्या पुढे सरकेनात. मात्र पक्षाचं तिकीट दिल्लीत ठरतं, आणि स्थानिक मंडळी सोबत नसतील तर मिळालेलं तिकीटही ओझं होतं. राजू श्रीवास्तव यांना समाजवादी पक्षाने २०१४ साठी कानपूरचं तिकीट दिलं होतं. स्थानिक कार्यकर्ते साथ देत नाहीत म्हणून त्यांनी ते परत केलं आणि थोड्याच दिवसांत भाजपमध्ये गेले.

तिसरा पर्याय : लढायचं नाही, फक्त प्रचार करायचा. कलाकाराला हा सर्वांत सुरक्षित वाटतो. मला तो सर्वांत धोक्याचा वाटत होता. तमिळ विनोदी नट वडिवेलू यांनी २०११ च्या विधानसभा निवडणुकीत द्रमुकसाठी जोरदार प्रचार केला, प्रतिस्पर्धी पक्षाचे नेते विजयकांत यांची भर सभांतून टर उडवली. द्रमुक हरला आणि पुढची काही वर्षं इतका मोठा नट पडद्यावरून जवळपास गायब झाला. हरलेल्या उमेदवाराला पक्ष निदान पुढच्या वेळचं आश्वासन देतो. हरलेल्या प्रचारकाला कुणी विचारत नाही.

चौथा पर्याय वहिनींनी मांडला. भाऊंच्या पत्नी बँकेत आहेत आणि त्या वर्षी घर त्यांच्या पगारावरच चाललं, म्हणून त्यांच्या बोलण्याला वजन होतं. त्या म्हणाल्या, आधी महापालिका लढा. १५१ नगरसेवकांत एक व्हा, नाली-रस्ता शिका, मग दिल्ली. सल्ला शहाणा होता. भाऊंनी तो हसण्यावारी नेला. ‘टीव्हीवर पूर्ण महाराष्ट्र, आणि लढू चार चौकांसाठी?’

आम्ही आणखी एक उदाहरण तपासलं, कारण भाऊ वारंवार तेच पुढे करत : भगवंत मान. ‘द ग्रेट इंडियन लाफ्टर चॅलेंज’मधून देशाला माहीत झालेला पंजाबी विनोदवीर, २०१४ मध्ये संगरूरमधून दोन लाखांहून जास्त मताधिक्याने खासदार, मार्च २०२२ मध्ये मुख्यमंत्री. ऐकायला छान वाटतं. पण मधली पानं कुणी वाचत नाही. मान आधी मनप्रीत बादल यांच्या पंजाब पीपल्स पार्टीत गेले, २०१२ मध्ये लेहरागागातून विधानसभा हरले, आणि मग आम आदमी पक्षात आले. २०१७ मध्ये सुखबीर बादल यांच्यासमोर जलालाबादेतही हरले. संगरूर हा त्यांचा घरचा जिल्हा. त्यांच्या विनोदाची पंजाबी आणि तिथल्या मतदाराची पंजाबी एकच. नागपुरात भाऊंची भाषा शहराच्या एका भागाचीच होती.

अमेरिकेतले अल फ्रँकन हे उदाहरण मी आणलं, आणि माझ्या मते ते आपल्या कामाचं जास्त होतं. १९७५ पासून ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’साठी लिहिणारा हा माणूस सिनेटला उभा राहण्याआधी, २००५ च्या सुमारास, मिनेसोटात परत राहायला गेला. तिथे तो इतर उमेदवारांसाठी पैसे उभे करत, गावोगावच्या पक्षमेळाव्यांना जात फिरला. २००८ ची निवडणूक अवघ्या ३१२ मतांनी जिंकला; फेरमोजणी आणि कोर्टकचेरी संपून शपथ झाली ती जुलै २००९ मध्ये. आणि त्या निवडणुकीत त्याला सर्वांत जास्त छळलं ते त्याच्याच जुन्या लिखाणाने. २००० साली एका मासिकात लिहिलेला अश्लील वळणाचा विनोदी लेख २००८ मध्ये विरोधकांनी बाहेर काढला आणि त्याला पक्षाच्या अधिवेशनात माफी मागावी लागली.

हे सांगितल्यावर भाऊंनी विचारलं, ‘आपलं काय निघू शकते?’ त्या प्रश्नापासून खरं काम सुरू झालं.

कृती आणि निर्णयाचे टप्पे

करार. सर्वांत आधी निर्मिती कंपनीबरोबरचा करार उघडला. त्यात दोन कलमं जड होती. एक, खानसाम्याचं पात्र, त्याचा वेष आणि ठरलेली वाक्यं यांचे हक्क कंपनीकडे. दोन, कार्यक्रम चालू असताना राजकीय व्यासपीठावर जाण्याला बंदी. म्हणजे ज्या पात्रामुळे पक्षाला भाऊ हवे होते, ते पात्र भाऊंच्या मालकीचंच नव्हतं! पक्षाच्या पुढाऱ्यांना हे सांगितलं तर ते म्हणाले, ‘असं कुठे असते का भाऊ, चेहरा तर तुमचाच आहे ना?’ भाऊंनी नवा सिझन न करायचं ठरवलं आणि कंपनीशी रीतसर फारकत घेतली. पात्र सुटलं नाही, बंदी तेवढी सुटली. बातमी फुटल्यावर मंडळांच्या, कंपन्यांच्या कार्यक्रमांची बोलावणी आटली. आयोजकाला कलाकार हवा असतो, त्याच्यासोबत येणारा झेंडा नको असतो.

चौकातल्या बैठका. इतवारी, सक्करदरा, मानेवाडा, जरीपटका अशा ठिकाणी भाऊ माइकशिवाय बसू लागले. सेल्फी रग्गड निघाले. पण चहा संपला की प्रश्न यायचे ते आर.एल.चे, म्हणजे प्लॉट नियमित झाल्याच्या पत्राचे. नागपुरात ५७२ आणि १९०० ले-आउटचा प्रश्न माहीत नसलेला माणूस विरळा : अनधिकृत ले-आउटमध्ये प्लॉट घेतला, मागितलेली रक्कम (डिमांड) भरली, नासुप्रच्या (नागपूर सुधार प्रन्यासच्या) चकरा मारल्या, नियमितीकरणाचं पत्र हाती नाही. मानेवाड्याला एका आजोबांनी प्लास्टिकच्या थैलीतून सगळ्या पावत्या काढल्या आणि म्हणाले, ‘टीव्हीवर पायतो मी तुमाले, लय हसतो. पण हे आर.एल. कवा भेटन, थे सांगा.’ हे खासदाराच्या अखत्यारीतलं नाही, हे त्यांना सांगायचं की नाही, यावर आमच्यात वाद झाला. काकांचं म्हणणं होतं, करतो म्हणून सांगा, सगळेच सांगतात. भाऊंनी तिथल्या तिथे सांगून टाकलं की हे नासुप्र आणि राज्य सरकारचं काम आहे, मी अर्ज लिहून देईन, सोबत येईन, यापुढचं माझ्या हातात नाही. लोक थोडे हिरमुसले. पण त्या बैठकीतली काही माणसं पुढेही येत राहिली, आणि हे आधीच्या कुठल्याही टाळ्यांच्या सभेनंतर घडलं नव्हतं.

जुनी फीत. भाऊंचे नाटकातले मित्र आणि वकील यांनी मिळून सगळे जुने भाग बसून पाहिले. बहुतेक निर्धास्त होते. एक नव्हता. सुरुवातीच्या काळातल्या एका प्रहसनात भाऊंनी सफाई कामगार रंगवला होता, आणि हशा होता तो त्याच्या बोलण्यावर आणि वस्तीच्या नावावर. वस्ती खरी, उत्तर नागपुरातली. उत्तर नागपूर विधानसभा क्षेत्र अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. आणि ज्या शहरात १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर धर्मांतर झालं, तिथे असा तुकडा निवडणुकीच्या तोंडावर बाहेर पडला तर काय होईल हे कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

पक्षाच्या समाजमाध्यम विभागाने सुचवलं, कंपनीला सांगून तो काढून टाका. वकील म्हणाले, काढला तरी कुणाच्या तरी मोबाइलमध्ये असणारच, आणि ‘पुरावा पुसला’ ही दुसरी बातमी होईल. तिसरी सूचना आली की गप्प बसा, कुणाला आठवणार आहे? चौथी भाऊंची स्वतःची : वस्तीत जातो.

ते गेले. फलक नाही, पक्षाचं कुणी नाही, छायाचित्रकार नाही. समाजभवनात चाळीस-पन्नास माणसं जमली. भाऊंनी ते प्रहसन कोणतं, कधीचं, हे सांगितलं आणि चुकलं म्हणाले. पुरुषांनी ‘जाऊ द्या, जुनी गोष्ट हाये’ म्हणून विषय आवरता घेतला. मागे बसलेली एक मावशी मात्र उठली. ‘हसलो त आमी बी. पण माह्या नातवाले शाळेत त्याच नावानं चिडवत होते पोट्टे. दोन वर्स. तुमी तवा कुठं होते?’ भाऊंकडे उत्तर नव्हतं आणि त्यांनी ते तयार केलंही नाही. या भेटीचं चित्रण हवं होतं, असं पक्षाला नंतर वाटलं. माझं मत आजही असं की चित्रण केलं असतं तर मावशी बोलली नसती.

फीत पुढे बाहेर आलीच. दोन दिवस गाजली. वस्तीतल्याच एका तरुणाने ‘ते येऊन बोलून गेले आहेत’ असं लिहिलं आणि धग कमी झाली. शमली म्हणता येणार नाही; काही विहारांमध्ये पुढे त्यांना बोलावणं आलं नाही, आणि ते योग्यच म्हणायला हवं.

बडग्या. त्या वर्षीच्या मारबतीत एका मंडळाने भाऊंचाच बडग्या काढला. डोक्याला खानसाम्याची पगडी, हातात ताट, ताटात खुर्ची, आणि गळ्यात पाटी : ‘वाढता वाढता बसले!’ पाटी चांगली होती, भाऊंनाही मान्य करावं लागलं. पक्षाच्या पोरांना पोलिसांत तक्रार द्यायची होती. काहींचं म्हणणं, भाऊंनी स्वतः जाऊन बडग्यासोबत फोटो काढावा, म्हणजे खिलाडूपणा दिसेल. भाऊंनी दोन्ही नाकारलं. ‘फोटो काढला का त्याची धार जाते. जयाले पायजे थे.’ ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांचे बडगे लिहिले त्याला ही रीत आतून माहीत होती. पक्षाच्या दृष्टीने हा वाया घालवलेला प्रसंग होता. त्या दिवशी संध्याकाळी शहराध्यक्ष मला म्हणाले, ‘हा माणूस आमच्या कामाचा आहे का, हे आता पाहावं लागेल.’ तिकिटाचा फैसला मार्चमध्ये झाला असला, तरी त्याची पहिली चुणूक मला इथे दिसली.

तिकीट. तीन नावं दिल्लीला गेली, त्यात भाऊंचं होतं. तिकीट दुसऱ्याला मिळालं. कारण सांगण्याची पद्धत पक्षात नाही. कळलं ते एवढंच, की बूथरचना आणि पैसा या दोन रकान्यांत भाऊंसमोर फार काही लिहिता आलं नव्हतं. उमेदवाराची खर्चमर्यादा आज ९५ लाख रुपये आहे, पण पक्षाच्या खर्चाला मर्यादा नाही, आणि उमेदवाराने पक्षासाठी काय आणलं हे आत पाहिलं जातंच.

अर्ज भरायला तेव्हा चार दिवस उरले होते. काका म्हणाले, अपक्ष लढा, लोक चिडलेत. लोक म्हणजे आमच्या खोलीतले लोक. दहा सूचक त्याच संध्याकाळी मिळाले असते. मी पुन्हा तोच बारा लाखांचा कागद काढला. भाऊंनी रात्री उशिरा नकार कळवला. सकाळी पक्षाचा निरोप आला : स्टार प्रचारकांच्या यादीत नाव घालतो. मान्यताप्राप्त पक्षाला अशी चाळीस नावं देता येतात.

भाऊंनी अटी घातल्या. खानसाम्याचा वेष नाही, ती वाक्यं नाहीत. विरोधकाची जात, शरीर, घरच्या बायका यांवर विनोद नाही. अटी तोंडी मान्य झाल्या. हिशेबाच्या बाजूने मी एक गोष्ट सांगून ठेवली होती : अशा प्रचारकाच्या प्रवासाचा खर्च उमेदवाराच्या खात्यावर पडत नाही, पण उमेदवार त्याच मंचावर बसला की सभेचा खर्च त्याच्या हिशेबात येतो. यामुळे उमेदवार भाऊंच्या सभांना येईनात. भाऊ एकटेच बोलायचे. लोकांना वाटायचं, उभे हेच आहेत.

मग वर्ध्याकडच्या एका सभेत निवेदकाने पुकारा केला, ‘येत आहेत आपले लाडके खानसामा!’ आणि मागून कुणीतरी पगडी आणून डोक्यावर ठेवली. भाऊंनी ती काढली, पण मोबाइलवर तेवढे तीन सेकंद पुरले. आठवड्याने कंपनीची नोटीस आली.

निष्पत्ती

पक्षाला त्या निवडणुकीत काय मिळालं, हे या नोंदीच्या बाहेरचं आहे. भाऊंचं असं झालं : वाहिनीवर परत जाण्याचा रस्ता जवळपास बंद झाला, दोन मोठे वार्षिक कार्यक्रम सुटले, गृहकर्जाची मुदत वाढवून घ्यावी लागली. दुसरीकडे मानेवाड्यातली ती मंडळी टिकली. तिथे एका मित्राच्या गाळ्यात मंगळवारी आणि शुक्रवारी भाऊ बसू लागले, लोक आर.एल.च्या फायली, घरकुलाचे अर्ज, मेडिकल या सरकारी रुग्णालयात भरती असलेल्या नातेवाइकाची चिठ्ठी घेऊन येऊ लागले.

आणि दिल्लीहून बोलावणं आलं. राष्ट्रीय वाहिन्यांवरच्या चर्चांसाठी पक्षाला हिंदीत पटकन बोलणारी, न चिडणारी माणसं हवी होती. सहा महिन्यांच्या आत भाऊ राष्ट्रीय प्रवक्त्यांच्या यादीत होते. म्हणजे टीव्हीतून निघालेला माणूस राजकारणाच्या वाटेने पुन्हा टीव्हीतच आला, फक्त मानधन गेलं. सूत्रधार त्यांना रोज डिवचतात : ‘एकाध चुटकुला हो जाए?’ सुरुवातीला एकदा त्यांनी मोह आवरला नाही. उसाच्या भावावरच्या चर्चेत एक कोटी केली. बारा मिनिटांचं मुद्देसूद बोलणं वाहून गेलं, कोटी तेवढी फिरत राहिली. फ्रँकन सिनेटमध्ये गेल्यावर कित्येक वर्षं विनोद टाळत होते, राष्ट्रीय वाहिन्यांच्या मुलाखतीही टाळत होते, हे भाऊंना तेव्हा नव्याने पटलं. आता ते चर्चेला जाताना आकड्यांचा कागद नेतात.

काय वेगळं करता आलं असतं

करार आधी वाचायला हवा होता. पुढाऱ्याला हो म्हणण्याच्या आधी, महिनाभराच्या विचारात. तेव्हा कार्यक्रम जोरात होता, कंपनीला भाऊ हवे होते. पात्राच्या वापराबद्दल बोलणी झाली असती तर काहीतरी हाती लागलं असतं. निरोप घेताना कुणी काही देत नाही.

वहिनींचा महापालिकेचा सल्ला आम्ही फार लवकर बाजूला ठेवला. त्याचं एक कारण व्यावहारिक होतं : मार्च २०२२ नंतर नागपूर महापालिकेवर प्रशासक बसला आणि अशा निवडणुका कधी होतील यावर तेव्हा कुणी भरवसा ठेवत नव्हतं. पण प्रभागात काम करायला निवडणुकीची तारीख लागत नाही. मानेवाड्याचा गाळा वर्षभर आधी उघडला असता, तर दिल्लीला गेलेल्या यादीत बूथच्या रकान्यात लिहायला काहीतरी असतं. तिकीट तरीही मिळालं असतं, असं मी म्हणणार नाही.

प्रचारकाच्या अटी लेखी घ्यायला हव्या होत्या. पक्ष लेखी देत नाहीत, हे मला माहीत आहे. निदान निवेदकाला आणि मंचावरच्या माणसांना सभेआधी सांगायची जबाबदारी आमच्यापैकी एकाकडे द्यायची होती; ती कुणाकडेच नव्हती.

बडग्याच्या प्रसंगावर आमच्यात आजही एकमत नाही. नाटकवाल्या मित्राच्या मते तोच भाऊंचा सर्वांत चांगला निर्णय. शहराध्यक्षांच्या मते तिथेच गाडी घसरली. मला वाटतं, दोघंही बरोबर आहेत, आणि म्हणूनच तो प्रसंग आधी कुठल्या बैठकीत ठरवता आला नसता.

वस्तीतली भेट मात्र दहा वर्षं आधी व्हायला हवी होती. प्रहसन प्रसारित झालं त्याच महिन्यात.

सध्या पक्षाकडून पुढच्या विधानसभेची विचारणा सुरू आहे. जागा दक्षिण नागपूरच्या आसपासची. साहेबांच्या पंगतीला न बसण्याचं कारण भाऊ आता पुढे करत नाहीत. त्यांनी दोन गोष्टी मागितल्या आहेत : दोन वर्षं आधी नाव नक्की करा, आणि कंपनीबरोबरचा दावा मिटवायला वकील द्या. पहिलीवर ‘पाहू’ असं उत्तर आहे. वकिलाची पहिली तारीख पुढच्या महिन्यात आहे, आणि त्याची फी सध्या वहिनी भरताहेत.